कागदावर कमी बोलणारी माणसं

मी मराठीत कथनात्मक पॉडकास्ट करते. दोन माणसं माइकसमोर बसून तासभर गप्पा मारतात, तो प्रकार वेगळा. आमच्याकडे आधी विषय ठरतो, मग तो ज्यांनी अंगावर घेतला त्यांना त्यांच्या गावी जाऊन भेटायचं, त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आणि त्या बोलण्याचे तुकडे, निवेदन आणि जागेवरचे आवाज गुंफून चाळीसेक मिनिटांचा एक भाग उभा करायचा. आकाशवाणीवाले ज्याला रूपक म्हणतात, त्याच घराण्यातलं हे काम. दहा-बारा तासांच्या ध्वनिमुद्रणातून माणसांचं बोलणं शेवटी वीसेक मिनिटं उरतं. त्यामुळे आमचा बहुतेक वेळ काय ठेवायचं यापेक्षा काय सोडायचं हे ठरवण्यात जातो.

हे ठरवण्याची रीत अलीकडे पार बदलली. पूर्वी हेडफोन लावून बसायचं, शेजारी वही ठेवायची, आणि कोण काय बोललं ते मिनिट-सेकंदासह लिहून काढायचं. तासाभराचं बोलणं असं उतरवायला अख्खी दुपार जायची. आता आवाजाची फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाकली की चहा होईपर्यंत सगळं बोलणं टाइप होऊन समोर येतं. शिवाय त्यातला प्रत्येक शब्द आवाजातल्या आपल्या जागेशी बांधलेला असतो. पडद्यावरचा शब्द खोडला की आवाजातूनही तो जातो. परिच्छेद उचलून वर नेला की आवाजही वर जातो. मूळ फाइलला धक्का लागत नाही, खोडलेलं केव्हाही परत आणता येतं. ज्याला पत्राचा मसुदा दुरुस्त करता येतो त्याला आवाजाचं संकलन करता येतं, असा या सॉफ्टवेअरचा एकंदर दावा असतो.

ही कल्पना ध्वनिकथा करणाऱ्यांच्याच गरजेतून पुढे आली. ग्रुपॉनचा संस्थापक अँड्र्यू मेसन याने सॅन फ्रान्सिस्कोत डीटूर नावाची कंपनी काढली होती. शहरातून चालता चालता कानात ऐकायच्या सफरी ती तयार करायची. त्या संकलनाची दगदग कमी करण्यासाठी केलेल्या साधनातून डिस्क्रिप्ट हे सॉफ्टवेअर २०१७ मध्ये निघालं. पुढे २०२३ मध्ये अ‍ॅडोबीने प्रीमियर प्रोमध्ये अशीच सोय दिली, रेडिओ पत्रकारांच्या हिंडेनबर्गमध्येही ती आली. आज या जातीची बरीच साधनं आहेत. आम्ही वापरतो ते कोणतं, हे इथे महत्त्वाचं नाही. मराठीशी गाठ पडल्यावर सगळ्यांचीच थोड्याफार फरकाने तारांबळ उडते.

आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. त्यांना मी एकदा हा प्रकार दाखवला. त्यांनी उमेदीची वर्षं स्पूलवर काढलेली. पाव इंच रुंदीची फीत सेकंदाला साडेसात इंच या वेगाने धावायची. कापायची जागा शोधायला रीळ हाताने पुढे-मागे फिरवायचं, शब्द जिथे सुरू होतो तिथे पेन्सिलने खूण करायची, खाचेत फीत बसवून ब्लेडने तिरका काप द्यायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. अर्ध्या सेकंदाचा श्वास म्हणजे जवळजवळ चार इंच फीत. मी पडद्यावर एक वाक्य निवडून खोडलं, तेव्हा ते म्हणाले, "छान आहे. पण तू हे वाक्य ऐकलंस कुठे?" मी वाचलं होतं. त्यांना एक काप द्यायला तोच तुकडा पाच-सात वेळा ऐकावाच लागायचा, कारण दुसरा मार्गच नव्हता. इथे न ऐकता कापायची सोय आहे. पुढे बहात्तरच्या दुष्काळावरचा भाग करताना त्यांचा तो प्रश्न वरचेवर आठवत राहिला.

हा भाग आम्ही नगर आणि बीड जिल्ह्यांच्या शिवेवरच्या गावांत केला. १९७२-७३ चा दुष्काळ म्हणजे लागोपाठच्या अपुऱ्या पावसानंतर आलेलं वर्ष. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि सगळ्यांच्या तोंडी असलेलं काम म्हणजे खडी फोडणं. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी, कामावर वाटली जाणारी सुकडी. या अनुभवाच्या पाठबळावर रोजगार हमी योजना रुजली. वि. स. पागे यांनी लावून धरलेल्या त्या कल्पनेला १९७७ मध्ये कायद्याचं रूप मिळालं आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा लागू झाला. हा सगळा तपशील कागदोपत्री मिळतो. आम्हाला हवी होती ती त्या खडीवर बसलेली माणसं, आणि ती आता ऐंशीच्या घरात आहेत.

त्यांतली दोन माणसं या भागाच्या केंद्राशी आली. एक काका, दुष्काळी कामावर हजेरीपट लिहायचे. पुढे सरकारी नोकरीत गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. दुसऱ्या एक आजी. लग्न होऊन दोनेक वर्षं झालेली असताना त्या खडीवर गेल्या. काकांचं बोलणं एखाद्याने लिहिलेलं वाचून दाखवावं तसं. "मजुरी हजेरीवर नव्हती, मापावर होती. ढीग मोजला जाई आणि ब्रासच्या हिशेबाने पैसे मिळत." वाक्य सुरू होतं, मधून जातं, संपतं. आजी मात्र वाक्य पुरं करतच नाहीत. अर्धं तोंडाने, अर्धं हाताने. "मंग बसायचं... आन् ह्यो हात असा... ऊन तर..." असं म्हणून त्या हातोडा कसा पडायचा ते दाखवतात, आणि त्यांच्या दृष्टीने वाक्य संपलेलं असतं. मधेच शेजारी बसलेले त्यांचे यजमान, बाबा, म्हणतात, "तिला काय म्हाईत, मी सांगतो." आजी त्यांच्याकडे बघतही नाहीत, आपलं चालू ठेवतात.

ही दोन्ही ध्वनिमुद्रणं यंत्राने उतरवून दिली. काकांची पानं जवळजवळ निर्दोष. आजींच्या पानांत मात्र बरंच काही झालं होतं. 'व्हतं'चं 'होतं', 'म्या'चं 'मी', 'तवा'चं 'तेव्हा' असं सगळं शुद्ध करून ठेवलेलं. हे एक वेळ चालेल, कारण आवाज मूळचाच राहतो. आजी आणि बाबा एकाच वेळी बोलले तिथे यंत्राने दोघांचं मिळून एक वाक्य केलं होतं, आजींनी सुरू केलेलं आणि बाबांनी संपवलेलं. दोघांना वेगळे माइक लावले होते, पण एवढ्याशा अंगणात दोन्ही माइक दोघांनाही ऐकतात. एखादं वाक्य तर चक्क हिंदीत उतरलं होतं.

याहून वाईट चूक ती, जी वाचताना चूक वाटतच नाही. आजी म्हणाल्या, "मिलो खाल्ली आमी." कागदावर आलं, "मिळून खाल्ली आम्ही." वाचणाऱ्याला यात काही खटकत नाही. दुष्काळातही माणसं वाटून खात होती, असा छानसा अर्थ निघतो. आमच्या गटातल्या एकीने त्या वाक्यावर निवेदनाचा एक परिच्छेदही मनातल्या मनात रचला होता. ध्वनिमुद्रण लावल्यावर कळलं की आजी त्या तांबड्या ज्वारीच्या भाकरीबद्दल बोलत होत्या, आणि ती घशाखाली उतरायची नाही असं पुढे सांगत होत्या. तेव्हापासून कागदावर फार सुंदर वाटणारं वाक्य आधी ऐकून पाहायचं, असा आमच्याकडे दंडकच आहे.

भागाची बांधणी करताना पहिली फेरी पडद्यावरच होते. प्रत्येक जण सगळं वाचतो आणि कामाचं वाटेल तिथे पिवळा रंग ओढतो. सगळ्यांचे रंग एकत्र केले की काय ठेवायचं त्याचा अंदाज येतो. दुष्काळाच्या भागात हे केल्यावर चित्र फार स्पष्ट होतं. काकांची पानंच्या पानं पिवळी आणि आजींची जवळजवळ कोरी. या रंगांवरून भाग बांधला असता तर खडी फोडणाऱ्या बायांबद्दल चाळीस मिनिटं त्यांची हजेरी लिहिणारा माणूस बोलला असता. तोही खरंच बोलला असता, तपशिलाने बोलला असता. पण खडीवर बसलेल्या बाईचा आवाज तोंडी लावण्यापुरता उरला असता.

यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. वाचून निवडायचं म्हटलं की वाचायला बरं वाटेल ते निवडलं जाणारच. पुरी वाक्यं बोलणारी माणसं कोण असतात, तर शाळा शिकलेली, नोकरी केलेली, चारचौघांत बोलायची सवय असलेली. बहुधा पुरुष. ज्यांचं म्हणणं सुरांत, हातवाऱ्यांत, थांबण्यात असतं, त्यांचं कागदावर काहीच उमटत नाही. इटलीतले मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी हे फार आधी सांगून ठेवलं आहे, की बोललेलं उतरवून काढलं की कानाची वस्तू डोळ्याची होते आणि त्यात बदल अटळ असतात. त्यांच्यासमोर टेप आणि टाइपरायटर होता. आमच्याकडे उतरवलेला कागद हेच संकलनाचं टेबल झालं आहे, त्यामुळे तो बदल थेट भागात उतरतो.

म्हणून आम्ही दुसरी फेरी जोडली. पडदा बंद करायचा, कागद समोर घ्यायचा नाही आणि ध्वनिमुद्रण सलग ऐकायचं. भांडी घासताना, चालायला गेल्यावर, कसंही. हातात फक्त एक छोटी वही. मन जिथे थांबलं तिथली वेळ लिहायची, कारण लिहायचं नाही. मग ही वेळांची यादी आणि पिवळ्या खुणा शेजारी ठेवायच्या. काही ठिकाणी दोन्ही जुळतात, तिथे प्रश्नच नाही. जिथे पिवळं आहे पण वहीत काही नाही, ते बहुधा माहितीचं बोलणं असतं. ते निवेदनात दोन वाक्यांत सांगता येतं. आणि जिथे वहीत वेळ आहे पण कागद कोरा आहे, तिथे पुन्हा जाऊन नीट ऐकायचं. आजींच्या ध्वनिमुद्रणात अशा जागा भरपूर होत्या.

त्यांतली एक जागा सविस्तर सांगते. कागदावर ती अशी दिसत होती: "मी खडीवर जायची सकाळी. लेकरू होतं माझं मांडीवर. धन्यवाद. काय?" मधलं 'धन्यवाद' आजींनी म्हटलेलं नाही. तिथे पाच-सहा सेकंद कुणीच बोलत नाही. अशा शांत जागी यंत्र कधी कधी आपल्या पदरचं काहीतरी लिहून टाकतं. इंटरनेटवरच्या व्हिडिओंच्या उपशीर्षकांवर शिकलेली यंत्रं शांतता आली की निरोपाची भाषा बोलू लागतात, हा अनुभव हे काम करणाऱ्या बऱ्याच जणांना आहे. सॉफ्टवेअरमध्ये एका सेकंदाहून मोठ्या सगळ्या विरामांना कात्री लावायचं बटणही असतं. ते दाबलं असतं तर ही जागा नाहीशीच झाली असती.

'धन्यवाद' खोडून गटातल्या इतरांनी जेव्हा हे वाचलं, तेव्हा सगळ्यांनी एकच अर्थ काढला. लेकरू होतं, मग बोलणं थांबलं, म्हणजे ते लेकरू दुष्काळात गेलं. निवेदन कुठल्या सुरात असावं याचीही चर्चा सुरू झाली. मी त्या अंगणात बसलेली होते, त्यामुळे मला खरं काय ते माहीत होतं, पण मी काही न बोलता ध्वनिमुद्रण लावलं. त्या पाच-सहा सेकंदांत दाराची कडी वाजते. मग कपबशांचा किणकिणाट, जवळ येत जाणारा. बाबा खाकरतात. आणि आजी म्हणतात, "ह्यो काय." आतून चहा घेऊन येणारा, पन्नाशी ओलांडलेला त्यांचा मुलगा म्हणजे ते मांडीवरचं लेकरू. आजी त्याला येताना बघत होत्या म्हणून थांबल्या होत्या. कागदावर त्या 'ह्यो काय'चं 'काय?' झालं होतं. तो म्हणतो, "चहा घ्या," आणि सगळे हसतात.

भागात ही जागा कशी आणायची, यावर बराच खल झाला. आजींच्या बोलण्यानंतर निवेदन ठेवून 'तो मुलगा आता समोर उभा होता' असं सांगता आलं असतं. पण मग ऐकणाऱ्याने ते सेकंद चुकीच्या समजुतीत काढले असते आणि नंतर त्याला आपण फसवल्यासारखं झालं असतं. शेवटी निवेदनाचं एकच वाक्य आधी घातलं: "आजींचा थोरला मुलगा आत चहा टाकतोय." बस्स. मग आजी बोलतात, थांबतात, कडी वाजते, कपबशा वाजतात आणि ऐकणाऱ्याला "ह्यो काय" म्हणजे काय ते आपोआप कळतं. ऐकणाऱ्याला डोळे नसतात, ते त्याला आधी द्यायचे. नंतर समजावत बसायचं नाही. संहिता लिहिताना मी आता जवळजवळ प्रत्येक बाइटला, म्हणजे बोलण्याच्या निवडलेल्या तुकड्याला, हे तपासते, की हा तुकडा कळायला काय दिसायला हवं, आणि ते मी आधी सांगितलं आहे का.

संहितालेखनात या साधनांचा खरा फायदा इथे आहे. पूर्वी निवेदन एका फाइलमध्ये, बाइटची यादी दुसऱ्या फाइलमध्ये आणि आवाज तिसरीकडे असायचा. आता माझं निवेदन आणि आजींचं बोलणं एकाच पानावर एकाखाली एक असतं. मी कच्चं निवेदन लॅपटॉपच्या माइकवर वाचून मधे टाकते आणि तिथल्या तिथे ऐकते. माझं वाक्य कुठे संपतं आणि त्यांचं कुठे सुरू होतं, तो सांधा लगेच कानाला लागतो. एक चूक तर हमखास पकडली जाते. मी म्हणते, "आजी सकाळीच खडीवर जायच्या," आणि लगेच आजी म्हणतात, "सकाळच्याला जायची खडीवर." पानावर ते नीटस प्रस्तावना केल्यासारखं दिसतं, कानाला मात्र तेच दोनदा सांगितल्यासारखं लागतं.

लांबीचा अंदाजही असाच बसतो. माझ्या वाचनाच्या गतीला मिनिटाला शंभर-एकशेदहा मराठी शब्द जातात. आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द लांब होतात आणि इंग्रजी पॉडकास्टवाल्यांचे शब्दसंख्येचे ठोकताळे आपल्याला लागू पडत नाहीत. आकडे बेतानेच द्यायचे. 'पन्नास लाख माणसं' म्हटल्यावर पुढच्या तीन-चार वाक्यांत दुसरा आकडा नको, पहिला कानातून जातो. जोडवाक्यं तोडायची. 'ज्यामुळे', 'ज्यांना', 'ज्याअर्थी' आले की वाक्य पुन्हा लिहायचं.

प्रत्यक्ष कापाकापीत मात्र पडद्यावरच्या अक्षरांवर विसंबून चालत नाही. मराठी बोलताना एका शब्दाचा शेवटचा स्वर पुढच्या शब्दात मिसळून जातो. 'गेलो आणि' हे बोलण्यात 'गेलोन्' होतं. पडद्यावर 'आणि' खोडला तर 'गेलो'चा ओकारही अर्धा तुटतो आणि माणूस उचकी लागल्यासारखा बोलतो. अशा वेळी तरंगाकृती मोठी करून हाताने सीमा सरकवावी लागते, सांध्यावर वीसेक मिलिसेकंदांचा फेड द्यावा लागतो. श्वासाचंही तसंच. दोन वाक्यांमधला श्वास दोघांपैकी एकाच्या बाजूने ठेवायचा. दोन्ही ठेवले तर माणूस धापा टाकतो, दोन्ही काढले तर तो माणूसच वाटत नाही. आणि सांध्यांतल्या फटी भरायला जागेची शांतता लागते. म्हणून प्रत्येक मुलाखतीनंतर मिनिटभर कुणीही न बोलता नुसतं अंगण ध्वनिमुद्रित करतो. बाबांना तेवढा वेळ गप्प बसवणं हे वेगळं काम होतं.

सुराचा प्रश्न याहून अवघड. लांब वाक्याचा पहिला अर्धा भाग ठेवून पुढचं खोडलं तर कागदावर तिथे पूर्णविराम देता येतो. आवाजात देता येत नाही. माणूस पुढे बोलणार म्हणून सूर वर गेलेला असतो, तो तसाच लोंबकळत राहतो. काकांच्या बाबतीत हे फार झालं. त्यांची लांब, रेखीव वाक्यं कागदावर कुठेही तोडता यायची, ऐकायला मात्र ती अख्खीच ठेवावी लागायची. आजींची तुकड्यातुकड्यांची वाक्यं जिथे संपतात तिथे खरोखर संपतात. सूर खाली येतो, थांबतो. कागदावर अपुरं दिसणारं त्यांचं बोलणं संकलनाला सर्वांत सोपं निघालं.

भरतीचे शब्द आपोआप काढायची सोय असते, ती आम्ही मराठीसाठी बंदच ठेवतो. 'म्हणजे' हा शब्द काकांच्या बोलण्यात कधी नुसता टेकू असतो, तर कधी पुढे खरोखर स्पष्टीकरण येतं. यंत्राला तो फरक कळत नाही. एकापाठोपाठ दोनदा आलेला शब्द ते अडखळणं समजून खुणावतं, आणि आपली भाषा तर अशा दुहेरी शब्दांवरच चालते. 'बसून बसून', 'फोडता फोडता', 'पाणी पाणी' या सगळ्यांवर लाल रेघ. आजी एकदा म्हणाल्या, "फोडायची, फोडायची, फोडायची, दिस मावळायचा." यातल्या दोन 'फोडायची' काढल्या तर अर्थ तोच राहतो आणि दिवस मात्र पाच मिनिटांचा होतो.

आवाज स्वच्छ करणाऱ्या बटणाची गंमत अशीच. एका टिचकीत वारा, पंखा, रस्त्यावरचा ट्रॅक्टर गायब होतो आणि माणूस स्टुडिओत बसल्यासारखा वाटतो. आजींच्या ध्वनिमुद्रणावर ते लावलं, तर त्यांच्या बांगड्यांचा आवाजही गेला. त्या हाताने हातोडा दाखवत होत्या, तेव्हा प्रत्येक घावाला बांगड्या वाजत होत्या. यंत्राच्या लेखी तो गोंगाट. कागदावर तर तिथे काहीच नव्हतं, नुसते ठिपके. आमच्या ध्वनिसंकलकाने तो भाग मूळ ध्वनिमुद्रणातून परत आणला, ट्रॅक्टरचा खर्ज हाताने कमी केला आणि बांगड्या ठेवल्या. भागात त्या वाक्यावर निवेदन नाही, संगीत नाही. आजी म्हणतात, "ह्यो हात असा," आणि बांगड्या एका ठेक्यात वाजतात. ऐकणाऱ्याला हात दिसतो.

काही गोष्टी आम्ही करत नाही. टाइप करून माझ्याच आवाजात एखादा शब्द बोलवून घेता येतो. वर्ष किंवा गावाचं नाव बदलायला ते सोयीचं आहे, पण मी माइकसमोर जाऊन पुन्हा वाचते. मुलाखत दिलेल्या माणसाच्या आवाजात त्याने न उच्चारलेला शब्द घालणं तर प्रश्नच नाही. परिच्छेद उचलून हलवणं इतकं सोपं झालं आहे की एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली सहज बसू शकतं. तेही करायचं नाही, असं ठरलेलं आहे. आणि ध्वनिमुद्रणापूर्वी संमती घेताना, तुमचा आवाज यंत्राकडून उतरवून घेण्यासाठी बाहेरच्या संगणकावर जाऊ शकतो, हे साध्या शब्दांत सांगतो. कुणी नको म्हटलं तर हाताने उतरवतो. भारतीय भाषांतल्या बोलण्याचे नमुने गावोगावहून गोळा करून त्यांवर यंत्रं घडवण्याचं काम आयआयटी मद्रासमधल्या एआयफोरभारतसारखे गट करत आहेत, त्यामुळे 'व्हतं' हे 'व्हतं'च उमटण्याचे दिवस कदाचित फार लांब नसतील. तोवर दुरुस्त केलेल्या प्रतीत आम्ही बोली जशीच्या तशी लिहून ठेवतो. ऐकू न येणाऱ्यांसाठी भागाबरोबर ती प्रत देतो, आणि मुलाखत दिलेल्या घरातही एक पोचवतो.

शेवटच्या टप्प्यावर एक वाचन होतं. मी निवेदन तोंडी वाचते, ध्वनिसंकलक बाइट वाजवतो आणि ज्याने यातला एकही शब्द वाचलेला नाही असा एक जण समोर बसून ऐकतो. त्याच्या हातात कागद द्यायचा नाही, ही एकच अट. तो कुठे चुळबुळतो, कुठे 'हे कोण बोललं?' असं विचारतो, ते टिपायचं. दुष्काळाच्या भागात काकांचा एक लांब तुकडा चालू असताना त्याने दोनदा मोबाइल पाहिला. तो तुकडा आमच्या पिवळ्या रंगात सर्वांत गडद होता.

भाग शेवटी तयार झाला तेव्हा आजी त्याच्या मध्यभागी होत्या, आणि काका चार जागी, प्रत्येक वेळी थोडक्यात. मजुरी मापावर होती हे त्यांच्याच तोंडी आहे, आणि ते आजींच्या बांगड्यांच्या लगेच नंतर येतं, त्यामुळे त्या हिशेबाची धार कळते. ही वाटणी वाचून झाली नसती. पण काकांची ती चार वाक्यं एवढ्या तासांच्या बोलण्यातून नेमकी हवी तेव्हा मिळाली, ती शोधाच्या चौकटीत 'ब्रास' टाइप केल्यावर. तो शब्द यंत्राने प्रत्येक ठिकाणी बरोबर लिहिला होता.